हा आकडा मोजला कुणी? पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी

दरवर्षी जानेवारी उजाडला की आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरपाशी तेच वाक्य ऐकू येतं, "मॅडम, प्रोजेक्टसाठी काहीतरी द्या ना." विषय विचारला की उत्तर येतं 'दुष्काळ', नाहीतर 'रोजगार हमी'. मी कपाटातून चार पुस्तकं काढून देते, मुलं मुखपृष्ठांचे फोटो काढतात, आणि आठवड्यानं जे छापून आणतात त्यात त्या चारांपैकी एकही नसतं. कुठल्याशा संकेतस्थळावरचे परिच्छेद असतात आणि शेवटच्या पानावर 'संदर्भ : 1) गुगल 2) विकिपीडिया 3) इंटरनेट'.

मुलं आळशी आहेत असं मला वाटत नाही. संदर्भ शोधायचा कसा, हे त्यांना कुणी शेजारी बसवून दाखवलेलंच नसतं. इथं तेच करून बघते. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच विषय धरते : 1972 चा दुष्काळ आणि मागणाऱ्याला सरकारनं काम द्यायची महाराष्ट्राची रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो. दुष्काळी पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक घरात त्या दुष्काळाची एखादी गोष्ट असते, आणि त्यावर लिहिलंही भरपूर गेलंय. तुमचा विषय वेगळा असला तरी वाट साधारण हीच.

आधी प्रश्न ठरवा

'रोजगार हमी योजना : एक अभ्यास' यात चार खंड मावतील. तुमच्याकडे वीस पानं आहेत. 'आमच्या तालुक्यात 1972-73 मध्ये दुष्काळी काम म्हणून बांधलेल्या पाझर तलावांपैकी आज किती वापरात आहेत?' हा प्रश्न चालेल. 'रोहयोच्या कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येनं का येत होत्या?' हाही चालेल. प्रश्न असा नेमका झाला की कुठं शोधायचं तेही कळतं. पहिल्यासाठी सरकारी कागद आणि गावातली म्हातारी माणसं लागतील, दुसऱ्यासाठी अर्थशास्त्रज्ञांचे लेख.

मग एका कागदावर शोधशब्द लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही. 'दुष्काळ', 'रोहयो', 'रोजगार हमी', 'सुकडी' (दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं पौष्टिक खाणं), 'पाझर तलाव', आणि इंग्रजीतले 'ड्राउट', 'स्कार्सिटी', 'फॅमिन', 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी'. 'स्कार्सिटी' विसरू नका. सरकारी कागदांत 'फॅमिन' म्हणायचं टाळून बरेचदा हाच शब्द वापरला जाई, आणि तो न घातल्यामुळं अर्धं साहित्य हाती लागत नाही.

गावांची, जिल्ह्यांची जुनी नावंही याच कागदावर हवीत. मागे एक मुलगी दोन दिवस लातूर जिल्ह्याचे 1972 चे आकडे शोधत होती. सापडणार कुठून? लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये, त्याआधी तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता. जालना 1981 चा. आजचे धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जुन्या कागदांत उस्मानाबाद, औरंगाबाद आणि अहमदनगर म्हणूनच सापडतात. इंग्रजी स्पेलिंगचेही दोन-तीन पर्याय करून बघा, 'बॉम्बे' आणि 'मुंबई' दोन्ही.

विकिपीडिया चालतो, पण पायरी म्हणून

विकिपीडियाला हात लावू नका, असं मी सांगणार नाही. विषयाची तोंडओळख, माणसांची नावं, साधारण सालं यासाठी तो बरा आहे. त्याच कामासाठी मराठी विश्वकोशही उघडा, तो घरबसल्या फुकट वाचता येतो आणि बहुतेक नोंदींखाली लेखकाचं नाव असतं. दोन्हींतली खरी कामाची जागा नोंदीच्या तळाशी असते. तिथं दिलेली पुस्तकं आणि लेख उतरवून घ्या आणि पुढं चला. निबंधात उल्लेख करायचा तो त्या पुस्तकांचा, तोही ती स्वतः बघितल्यावर.

इथंच पहिला गोंधळ होतो. 'रोहयो कधी सुरू झाली?' असं शोधलं की चार सालं समोर येतात : 1965, 1972, 1977 आणि 1979. मुलं त्यातलं एक निवडतात, बहुधा जे सगळ्यात वर दिसतं ते. पण चारही बरोबर आहेत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात 1965 मध्ये प्रयोग झाला. राज्याची योजना म्हणून ती 1972 मध्ये आली. कायद्याच्या नावात 1977 आहे, त्याचा क्रमांक मात्र 1978 चा विसावा, आणि तो अमलात आला 26 जानेवारी 1979 पासून. म्हणजे 'सुरू झाली' या शब्दाचा अर्थ तुम्ही कसा लावता यावर साल ठरतं. दोन ठिकाणी दोन सालं दिसली की घाबरू नका आणि सरासरीही काढू नका. फरक का पडला ते शोधा. कित्येकदा निबंधातला सगळ्यात चांगला परिच्छेद तिथूनच मिळतो.

(जाता जाता : घरात कुणी नोकरदार असेल तर त्यांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात दिसेल. तो कर 1975 मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच आला. असा धागा मिळाला की विषय परका वाटत नाही.)

आकड्याचा माग काढा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर ते हे. कुठलाही आकडा दिसला की विचारा, हा मोजला कुणी?

समजा एका लेखात वाचलंत की 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख मजूर होते. आकडा बरोबर आहे. पण लेख लिहिणाऱ्यानं काही राज्यभर फिरून माणसं मोजली नाहीत. त्यानं कुठून घेतला? तळटीप असेल तर तिच्यामागं जा. बहुतेक वेळा ती अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या भारतातल्या दुष्काळ निवारणावरच्या दीर्घ लेखाकडं किंवा व्ही. सुब्रमण्यन यांच्या 1975 च्या पुस्तकाकडं नेते. तिथं पोचल्यावर पुन्हा विचारा, यांनी कुठून घेतला? मग सरकारी हजेरीच्या तक्त्यांपर्यंत जाता. तिथं कळतं की हा कामावरच्या माणसांचा आकडा आहे, त्यांच्या मजुरीवर जगलेल्या घरच्या माणसांचा नाही. वर्तमानपत्रातल्या एखाद्या स्मरणलेखात मात्र तोच आकडा '50 लाख दुष्काळग्रस्त' होऊन येतो. मजूर आणि दुष्काळग्रस्त यांत फार फरक आहे, आणि परीक्षकाला तो माहीत असतो.

प्रत्येक वेळी अगदी मुळापर्यंत पोचता येईल असं नाही. तीन पायऱ्या मागं गेलात तरी पुष्कळ झालं. जिथपर्यंत पोचलात तिथला संदर्भ द्या.

हीच चाळणी आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. '2021 च्या जनगणनेनुसार' असं कुठं वाचलंत तर ते पान तिथंच बंद करा. 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 नंतरचे लोकसंख्येचे आकडे हे अंदाज आहेत, आणि ते अंदाज म्हणूनच लिहायचे.

शोधायचं कुठं

पहिली जागा तुमच्या कॉलेजचं ग्रंथालय. मी ग्रंथपाल आहे म्हणून म्हणत नाही. कपाटात एक पुस्तक सापडलं की त्याच्या डावी-उजवीकडची दहा चाळून बघा. पुस्तकं विषयवार लावलेली असतात, त्यामुळं ज्याचं नावही माहीत नव्हतं असं काहीतरी हमखास मिळतं. आणि ग्रंथपालाला 'काहीतरी द्या' न म्हणता तुमचा प्रश्न सांगा.

पुण्याला जाणं शक्य असेल तर शेती, दुष्काळ, सहकार या विषयांसाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाला तोड नाही. संस्था 1930 ची, आणि जुने सरकारी अहवाल तिथं जसे सापडतात तसे इतरत्र क्वचितच. जाताना कॉलेजचं शिफारसपत्र घेऊन जा. जाणं जमत नसेल तर त्यांनी स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेले जुने ग्रंथ आणि अहवाल तरी बघा.

फोनवरून किंवा संगणकावरून शोधताना साधं गुगल बाजूला ठेवून गुगल स्कॉलर उघडा. शोधशब्द अवतरणचिन्हांत घातले की तेवढाच शब्दसमूह शोधला जातो. चांगला लेख सापडला की त्याच्याखालच्या 'साइटेड बाय' या दुव्यावर जा. त्या लेखाचा आधार पुढं कुणीकुणी घेतला ते दिसतं. म्हणजे तळटिपांवरून मागं जायचं आणि या दुव्यावरून पुढं यायचं. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की तीच पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. त्यांना वगळून निबंध लिहिता येत नाही, एवढं समजून घ्या.

मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आपल्या विषयासाठी खाणच आहे. त्याचे बरेच लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. तिथं निराश होऊन परत फिरू नका. गुगल स्कॉलरवर लेखाखालच्या 'ऑल व्हर्जन्स' या दुव्यात कधीकधी फुकटची प्रत असते. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःचं खातं उघडलं तर दरमहा ठरावीक लेख फुकट वाचता येतात. कॉलेजनं एन-लिस्ट ही ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणारी सेवा घेतली असेल तर ग्रंथपालाकडून पासवर्ड मागून घ्या, कित्येक कॉलेजांत तो कुणी मागतच नाही. सरकारी संस्थेत असाल तर 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतून जवळपास 13,000 नियतकालिकं उघडतात. आणि काहीच जमलं नाही तर लेखकालाच ईमेल करा. विद्यार्थ्यानं नम्रपणे प्रत मागितली तर प्राध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' म्हणजे देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचं भांडार, मराठी प्रबंधही त्यात ढिगानं आहेत. माझा सल्ला जरा वेगळा आहे : प्रबंध उघडला की आधी शेवटची फाइल उतरवा, संदर्भसूचीची. प्रबंधांचा दर्जा कमीजास्त असतो, काही तर वाचवत नाहीत, पण संदर्भसूची करताना त्या माणसानं चार-पाच वर्षं घालवलेली असतात. ती तुम्हाला आयती मिळते.

मराठी शोधताना एक अडचण येईल. पुष्कळ जुन्या मराठी पीडीएफ नुसती छायाचित्रं असतात, किंवा युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या संगणकाला अक्षरं ओळखता येत नाहीत अशा जुन्या फाँटमध्ये असतात. त्यांत शब्द शोधला तर काही सापडत नाही, शब्द पानावर असला तरीसुद्धा. अशा वेळी अनुक्रमणिका बघून पानं उलटायची. दुसरा इलाज नाही.

सरकारी साहित्यात 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी निघते, ती मराठीतही असते. शासन निर्णय म्हणजे जीआर सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल तर जरूर वाचा. योजनेच्या जाहिरातीत जे नसतं ते त्यांत असतं. जिल्ह्याची गॅझेटियर आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका हीही विसरू नका.

राहिली तुमच्या घरातली, तो दुष्काळ पाहिलेली आजी. मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाऊन काढलेले दिवस, खडी फोडताना सोललेले हात, कामावर मिळणारी सुकडी, हे सगळं तिच्याकडून ऐका आणि निबंधात आणा. तोही संदर्भच आहे. नाव, वय, गाव आणि मुलाखतीची तारीख लिहून ठेवा, नाव छापू का ते विचारा. फक्त 'तेव्हा मजुरी किती होती' हे आजीच्या आठवणीवर सोडू नका. अनुभव तिचा घ्या, दर कागदावरून.

हे नियतकालिक खरं की दुकान?

कॉलेजच्या व्हॉट्सअॅप गटावर जाहिरात येते : 'आंतरराष्ट्रीय जर्नल, तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएनसह, प्रमाणपत्र मोफत.' अशा ठिकाणी छापलेले लेख तुमच्या शोधात वर येतात, आणि मराठी विषयांत तर जास्तच.

आयएसएसएन हा दर्जाचा शिक्का नाही. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, वाहनाच्या नंबरप्लेटसारखा. नंबरप्लेट असली म्हणजे गाडीचे ब्रेक चांगले आहेत असं होत नाही. दुसरी पाटी असते 'यूजीसी केअर लिस्टेड'. ती मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, पण पाट्या अजून लटकतायत. शिवाय ती पाटी आधीही किती खरी होती हे तपासायला लागायचंच.

मी स्वतः चार गोष्टी बघते. संपादक मंडळातली माणसं खरोखर कुठं शिकवतात का. लेख छापण्याआधी तो त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी तपासलाय का. एकाच अंकात दुष्काळ, योगासनं, क्रिप्टोकरन्सी आणि संत साहित्य असं सगळं आहे का. असेल तर ते दुकान. आणि लेखाखाली संदर्भ आहेत का, असतील तर त्यातले दोन सहज उघडून बघते. दोन्ही सापडले नाहीत तर लेख बाजूला.

उलटही खरं आहे. मराठीतली काही जुनी वैचारिक नियतकालिकं कुठल्याच यादीत नसताना वर्षानुवर्षं उत्तम लेख छापत आली. यादीत नाही म्हणून ती सोडू नका. लेखक कोण आणि त्यानं पुरावा काय दिलाय ते बघा.

वाचतानाच नोंदवा

एम.ए.ला असताना मी एका ग्रंथालयात बसून एक सुंदर अवतरण वहीत उतरवलं आणि पानाचा क्रमांक लिहायला विसरले. सादर करायच्या आदल्या आठवड्यात मार्गदर्शकांनी लाल शाईनं त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं. त्या एका आकड्यासाठी एसटीचा आठ तासांचा प्रवास, आणि गेले तर ग्रंथालयाला सुट्टी.

तेव्हापासून पुस्तक उघडलं की पहिली नोंद मजकुराची नसते. मुखपृष्ठ राहू द्या, आतलं शीर्षकपान आणि त्याच्या पाठचं पान, या दोघांचा फोटो काढा. लेखक, संपादक, अनुवादक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, साल, सगळं तिथं असतं. प्रत्येक उताऱ्यापुढं पानाचा क्रमांक लिहा. शब्दशः उतरवलेलं अवतरणचिन्हांत, तुमच्या शब्दांत लिहिलेलं चिन्हाविना. ही खूण चुकली की महिन्याभरानं आपलं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं हे आपल्यालाच ओळखू येत नाही. जाणूनबुजून न केलेली चोरी बहुधा अशीच होते.

संगणक असेल तर झोटेरो हे संदर्भ साठवून ठेवणारं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. इंग्रजी लेखांची माहिती ते स्वतः उचलतं. मराठी पुस्तकांची मात्र हातानं भरावी लागते, आणि उचललेली माहितीही एकदा डोळ्यांखालून घालावी लागते.

संदर्भ लिहायचा कसा

संदर्भ लिहायच्या एपीए आणि एमएलए अशा दोन रूढ पद्धती आहेत. त्यातली कुठली वापरायची हे तुमच्या विभागाला विचारा. सामाजिक शास्त्रांत बहुधा एपीए, भाषा-साहित्यात एमएलए. त्यातली एक धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. परीक्षक सरमिसळीवरच जास्त वैतागतात.

एपीएत मजकुरात कंसात आडनाव, साल आणि पान येतं : (सुब्रमण्यन, 1975, पृ. अमुक). शेवटच्या सूचीत पूर्ण नोंद : सुब्रमण्यन, व्ही. (1975). पार्च्ड अर्थ : द महाराष्ट्र ड्राउट 1970-73. ओरिएंट लाँगमन. इथं मी देवनागरीत लिहिलंय, तुमच्या निबंधात इंग्रजी पुस्तकाची नोंद इंग्रजी लिपीतच ठेवा, आणि मराठी व इंग्रजी संदर्भांच्या याद्या वेगळ्या करा. संपादित ग्रंथातल्या एका लेखाचा आधार घेतला असेल तर आधी त्या लेखाच्या लेखकाचं नाव, मग संपादकांचं. मुलं नेमकी इथंच चुकतात आणि द्रेझ यांचा लेख संपादकांच्या नावावर घालतात.

मराठी विभागांत तळटिपांची जुनी पद्धतही चालते. लगेच मागच्या तळटिपेतलाच संदर्भ पुन्हा आला तर 'तत्रैव' (तिथंच), मध्ये दुसरा येऊन गेला असेल तर लेखकाच्या नावापुढं 'उनि.' (वर निर्देश केलेला ग्रंथ) आणि पान. हे शेवटच्या मसुद्यात करा. आधी 'तत्रैव' लिहिलं आणि नंतर मध्येच एक तळटीप घुसवली की सगळंच सरकतं.

जुन्या मराठी पुस्तकावर शके दिसलं तर त्यात 78 मिळवा, इसवी सन मिळतो. पुस्तक पौष-माघातलं, म्हणजे जानेवारीनंतरचं असेल तर 79. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत घोळ करू नका. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पानं सरकलेली असतात, म्हणून तुम्ही हातात धरलेल्या आवृत्तीचंच साल द्यायचं.

जीआरचा संदर्भ देताना विभागाचं नाव, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक. संकेतस्थळाचा देताना लेखाचं नाव, तारीख आणि पूर्ण दुवा, शिवाय पान बदलण्यासारखं असेल तर तुम्ही ते कधी बघितलं तेही. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक असेल तर दुव्याऐवजी तो द्या, संकेतस्थळ हललं तरी तो लेखापर्यंत नेतो. आजीची मुलाखत एपीएत सूचीत येत नाही. मजकुरातच 'वैयक्तिक संवाद' म्हणून तारखेसह येते.

आणि जे पुस्तक तुम्ही पाहिलंच नाही, त्यातलं वाक्य दुसऱ्याच्या लेखातून घेतलंत, तर तसं सांगा : 'अमुक, तमुक यांच्या लेखात उद्धृत'. यात कमीपणा काही नाही. न वाचलेल्या पुस्तकाची नोंद थेट देणाऱ्याची फजिती तोंडी परीक्षेत होते, "या पुस्तकात आणखी काय आहे?" एवढंच विचारलं तरी पुरतं.

उचलेगिरी आणि चॅटबॉट

यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, अवतरणं आणि संदर्भसूची त्यातून वगळतात, सलग 14 शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणीही धरत नाहीत. म्हणून काही मुलं प्रत्येक पंधरावा शब्द बदलत बसतात. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर फसेल, तुमचे मार्गदर्शक नाही. पुस्तक मिटा, वाचलेलं मैत्रिणीला सांगा आणि जे सांगितलंत ते लिहा. संदर्भ तरीही द्यायचाच, कारण शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचा आहे.

चॅटबॉटला संदर्भ मागितले तर तो छान नटवलेली यादी देतो. लेखक खरा, नियतकालिक खरं, साल शक्य वाटणारं, आणि असा लेखच अस्तित्वात नाही. गेल्या वर्षी एका मुलानं आणलेल्या बारा संदर्भांपैकी सात आम्हाला मिळाले नाहीत. शोधशब्द सुचवायला, अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला त्याची मदत घ्या. संदर्भ मात्र स्वतः उघडून पाहिल्याशिवाय सूचीत घालू नका.

निबंध छापायला देण्याच्या आदल्या दिवशी एक तास काढा. एका हातात मजकूर, दुसऱ्या हातात सूची, शेजारी पेन्सिल घेतलेली मैत्रीण. तुम्ही मजकुरातला कंस वाचायचा, तिनं सूचीत ते नाव शोधून खूण करायची. मजकुरात आहे पण सूचीत नाही, ते लिहून काढा. सूचीत खूण न झालेलं जे उरेल ते खोडा, मग ते पुस्तक कितीही भारदस्त असो.